खाऱ्या पाण्याचं काम

जळगाव जामोदला आमचा एक छोटा गट होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याचे अध्यक्ष. बाकी औषधांचा एक दुकानदार, दोन-तीन व्यापारी, त्यांच्या बायका आणि शाळेत शिकवणारी मी. रविवारी सकाळी अध्यक्षांच्या अंगणात आम्ही बसायचो. झाडं लावून झाली, वह्या वाटून झाल्या, एकदा रक्तदानही झालं. मग अध्यक्ष म्हणाले, असं थोडं थोडं करून काही होत नाही, एकच विषय घेऊ आणि तोच लावून धरू. पुढच्या बैठकीत ज्याने त्याने आपला विषय मांडायचा होता.

माझा विषय घरातच होता. माझं माहेर त्याच तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या हापशीचं पाणी असं, की पाहुणा पहिला घोट घेऊन ग्लास खाली ठेवतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माझा धाकटा भाऊ तेच पाणी पिऊन मोठा झाला आणि पस्तिशीच्या आतच त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. पाण्यानेच झालं असं कोणी डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नव्हता. पण आमच्या गल्लीत असे आजारी आणखीही होते आणि पाणी सगळ्यांचं एकच होतं.

भाऊ एसटीने अकोल्याला डायलिसिसला जायचा. लघवी जवळजवळ बंद, म्हणून पाणी अगदी मोजकं. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून ओसरीवर बसायचा आणि कोणी समोर घटाघटा पाणी प्यायलं की उठून आत जायचा.

बैठकीला मी त्याला सोबत नेलं. माझ्यापेक्षा त्यानेच बोलावं असं वाटलं. तो फार काही बोलला नाही. म्हणाला, "आमच्या गावचं पाणी कोणी तपासून देत असन, त पाहा. मले आता त्याचा काही उपयोग नाही. पण माही पोरगी तेच पाणी पिऊन राह्यली."

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विषय चांगला आहे, म्याडम. पण किडनीचे पेशंट घेऊन चळवळ चालत नाही. आपण एक माणूस उभा करतो, दोन सभा होतात, अन् मग तो माणूसच राहत नाही."

भाऊ त्यांच्या समोर बसला होता, हाताच्या अंतरावर. कोणाची मान खाली गेली नाही. दुकानदार म्हणाला, "खरं आहे. आपल्याले दिसनारं काम पाहिजे."

मग एका व्यापाऱ्याच्या बायकोने विषय मांडला. उन्हाळ्यात पाखरं पाण्यावाचून मरतात, गावभर झाडांना मातीची भांडी बांधू, रोज पाणी भरू. सगळ्यांचे हात वर गेले. चहा आला. भावाने नको म्हटलं, तर ती बाई म्हणाली, "अर्धा कप तरी घ्या, भाऊ." पाणी, चहा, सगळं मोजूनच घ्यावं लागतं, असं त्याने सांगितलं. "मग बिस्किट घ्या," ती म्हणाली.

उन्हाळा लागला तसा अध्यक्षांचा फोन आला. पहिलं भांडं भावाच्या हातून भरायचं ठरलं होतं. "पाण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार?" ते म्हणाले. मी भावाला सांगितलं, तू जाऊ नकोस.

"जाऊ दे ताई," तो म्हणाला. "पाखरायनं काय केलं?"

त्याच्या हाती स्टीलचा तांब्या दिला. कडुनिंबाला बांधलेल्या भांड्यात त्याने पाणी ओतलं. फोटो नीट आला नाही म्हणून भांडं रिकामं करून पुन्हा ओतायला लावलं. जरा सावकाश ओता, असंही सांगितलं. त्याच्या ओठांची सालं निघाली होती. येताना बसमध्ये तो म्हणाला, "गोडं पानी होतं ताई ते. बोटाले लागलं होतं, चाटून पाह्यलं."

त्या वर्षी दिवाळी त्याने पाहिली नाही. गटातून मी त्याआधीच बाहेर पडले होते. विषय एकटीनेच धरायचा ठरवला. माहेरी जाऊन विहिरीचं, हापशीचं पाणी बाटल्यांत भरलं आणि तपासायला दिलं. पिण्यालायक नाही, असं उत्तर आलं. ते मी गल्लीत दारोदार सांगितलं.

संध्याकाळी चुलत काका घरी आले. बसले नाहीत. "हे बाटल्या भरनं बंद कर," ते म्हणाले. "आपल्या पोरायले कोणी पोरी देऊन नाही राह्यलं. पाहुने विचारतात, हेच का ते किडनीवालं गाव. जे गेले ते गेले. राह्यले त्यायले तरी जगू दे."

मला वाटलं, आई त्यांना काहीतरी बोलेल. मुलगा जाऊन महिनाही झाला नव्हता. ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "ते खोटं नाही बोलून राह्यले. तू कायले सांगत फिरते, त्याले काय झालं होतं ते? त्याची पोरगी मोठी झाली म्हंजे तिचं लग्न करा लागन. कोणी विचारलं, त अॅटक आला म्हन."

मी भावजयीकडे पाहिलं. ती मुलीची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव ताई. अॅटकच सांगा."

माझ्या माहेरचे लोक आजही तेच पाणी पितात. ज्यांना परवडतं ते जार विकत घेतात. मी दुसऱ्या गावांत जाते. एका गावाने हापशी बंद केली. दोन गावांनी मला वेशीवरूनच परत पाठवलं.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका गावी हापशीवर एक बाई पाण्याचा गुंड भरत होती. मी तिला पाण्याबद्दल सांगितलं, किडनीचं सांगितलं. तिने ऐकलं. मग विचारलं, "तुमच्या घरात झालं काय कोणाले?"

भावाचं कुठे सांगणार नाही, असा आईला मी त्या संध्याकाळी शब्द दिला होता. मी म्हटलं, "नाही."

"मंग तुमाले काय मालूम," ती म्हणाली आणि पुन्हा हापसायला लागली.