दोन बोटांची जागा

रोज सकाळी आतोबा कामाला निघाले की आत्या दारापर्यंत जायची आणि त्यांच्या पँटच्या कमरेत मागून दोन बोटं घालून बघायची. दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि तिसरं अडलं पाहिजे, हे तिचं माप. आतोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर वाकायचं, उकिडवं बसायचं, लिफ्टखालच्या अरुंद खड्ड्यात उतरायचं. कंबर घट्ट असून चालायची नाही नि सैल असूनही. बोटं घालून झाली की ती त्यांच्या पाठीवर हलकी थाप मारायची, म्हणजे जा आता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्यात निरोपाची म्हणून उरलेली रीत एवढीच होती.

घराच्या पुढच्या खोलीत आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. नवं ती काही शिवत नसे. चेन बदलायची, उंची कमी करायची, कंबर आत घ्यायची किंवा सोडायची. खिडकीखाली पायमशीन, भिंतीला इस्त्रीचं टेबल, आणि दोन्हींच्या मध्ये गिऱ्हाइकाला जेमतेम वळता येईल इतकी जागा. ती ज्या बाईंकडे काम शिकली त्यांनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं की गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जाड झालेल्याला म्हणायचं, कापड आटलंय. बारीक झालेल्याला म्हणायचं, धुऊन धुऊन सैल पडलंय. आत्याने हा नियम जन्मभर पाळला. सगळ्या गल्लीच्या कमरा तिला पाठ होत्या, पण एकही कधी तिच्या तोंडून बाहेर पडली नाही. "माझ्या पोटात सगळ्यांची पोटं आहेत," असं ती हसून म्हणायची.

आतोबांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असताना एका सकाळी तिचं तिसरं बोटही आत गेलं.

ती काही बोलली नाही. नेहमीसारखी थाप मारली. दुपारी दोरीवरच्या पँटी काढून तिने सगळ्यांच्या कमरा जराशा आत घेतल्या आणि इस्त्री करून कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोनच बोटं गेली. काही महिन्यांनी पुन्हा तिसरं गेलं, तिने पुन्हा आत घेतल्या. मग आणखी एकदा. आतोबांना पत्ताच नव्हता. पट्टा ते कधी लावत नसत. शिंपिणीच्या नवऱ्याने पट्टा लावायचा म्हणजे आचाऱ्याने बाहेर जाऊन जेवण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं.

ती का बोलली नाही, हे मी तिला पुढे एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, सवय गं. मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. तेव्हा मला वाटलं, सवय हे अर्धंच उत्तर असावं. बोललं की ते खरं होतं, आणि शिवलं की काही काळ तरी दिसेनासं होतं.

निवृत्तीबरोबर आतोबांचा कंपनीचा विमा संपला. त्याच दिवसांत एक विमा एजंट कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला दुकानात आला आणि त्याने इस्त्रीच्या टेबलावर आरोग्य विम्याचे कागद पसरले. रिळाच्या किमतीवरून दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या आत्याने त्याच बैठकीत होकार दिला. काही आजार आहे का, असा प्रश्न होता. नाही, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, कुठल्या डॉक्टरने आजाराचं नावच घेतलेलं नव्हतं. पण पुढे ती पुन्हा पुन्हा याच दिवसापाशी येऊन थांबायची. त्या दिवशी आपण इतक्या पटकन हो कसं म्हटलं? तिच्या बोटांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं की काय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पॉलिसीला वर्ष व्हायच्या आतच आतोबा पोट धरून खाली बसले. आतड्याचा कर्करोग निघाला. भरती करताना एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? आतोबा म्हणाले, कुठे कमी होतंय. आणि मग त्यांना तपासायला आत नेल्यावर आत्याने सगळं सांगितलं. कंबर पहिल्यांदा कधी आत घेतली, मग कधी, किती. डॉक्टरणीने ते केसपेपरवर लिहून घेतलं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी तिला एखाद्या कमरेबद्दल विचारलं होतं आणि सांगणं हे कर्तव्य होतं. सांगताना आपल्याला हलकं वाटलं होतं, हे तिने नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

ऑपरेशन झालं. पुढे औषधाचे डोस होते, महाग आणि ठरल्या वेळीच द्यायचे. विम्याचा क्लेम मंजूर झाला तर ते त्याच दवाखान्यात वेळेवर मिळणार होते. नाहीतर सार्वजनिक रुग्णालयात, तिथली रांग सरकेल तसे. विमा कंपनीचं पत्र आलं, क्लेम नाकारला होता. रुग्णाच्या पत्नीच्या सांगण्यानुसार आजाराची लक्षणं पॉलिसीच्या आधीपासूनची आहेत, असं कारण होतं. आत्याने ते पत्र आतोबांना वाचून दाखवलं आणि ती ओळ गाळली. म्हणाली, आजार जुना आहे असं म्हणतात.

आतोबा भडकले. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे वकील म्हणायचे कारण तो भाजीवाल्याशीही मुद्देसूद भांडायचा, अपील लिहायला बसला. आतोबा पलंगावरून मजकूर सांगत होते.

"लिही, जुना आजार असता तर वजन उतरलं असतं. वजन उतरलं असतं तर पँट सैल झाली असती. माझ्या पँटी शेवटच्या दिवसापर्यंत मापात होत्या. घरात शिंपीण आहे, विचारा म्हणावं तिला."

पुढच्या खोलीत चालू असलेलं मशीन थांबलं.

वकिलाने मूळ पत्र वाचलेलं होतं. तो उठून दुकानात आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, "वहिनी, कशाला बोललात हो?" मग त्यानेच तोड काढली. घाबरल्यामुळे चुकीचं सांगितलं, असं आत्याने लिहून द्यायचं. दोघं डॉक्टरणीला भेटून आले. ती म्हणाली, आधीचं मला खोडता येणार नाही, खाली तुमचं नवीन म्हणणं लिहीन. आता कंपनीचा तपासनीस घरी येऊन खात्री करणार होता. पँटी मूळ मापाच्या करून ठेवा, असं वकिलाने जाता जाता सुचवलं.

आत्या ब्लेड घेऊन बसली. टाके उसवले, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. पण जुन्या कापडावर सुईची भोकं राहतातच. तेवढ्यात आतोबा भिंत धरत धरत दुकानात आले आणि दारातच थांबले.

"अगं, आत्ताच यात माझ्यासारखे दोन मावतील. आणखी सैल कशाला?"

आत्याच्या तोंडून निघून गेलं, "भराल तेव्हा लागेल."

आतोबा हसले, आणि त्या संध्याकाळी महिन्याभरात पहिल्यांदा नीट जेवले. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, की बायकोने पँटी सैल करून ठेवल्यात, आता भरावंच लागेल, नाहीतर बाईची मजुरी फुकट. शेजारी हसायचे. आत्या पाणी आणायला आत जायची.

तपासनीस आला तो दुपारी. घामाघूम झालेला, अजून तिशीही न गाठलेला. त्याच्या पँटची खालची दुमड एका पायाला उसवली होती, हे आत्याला आधी दिसलं. त्याने विचारलं, तिने घोकलेलं वाक्य म्हटलं. भरती करताना घाबरले होते, काहीतरी बोलून गेले. त्याने लिहून घेतलं. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण त्याने पेनला टोपण लावलं. कोपऱ्यात वकिलाने श्वास सोडला.

आतोबांना वाटलं, पाहुण्याला काहीतरी चांगलं दाखवावं.

"साहेब, कागद काय बघता, माझी बायको बघा. मी भरणार म्हणून पँटी सैल करून ठेवल्यात हिने." आणि त्यांनी उशाशी घडी करून ठेवलेली एक पँट काढून उलटी केली, दाखवायला.

मग ते स्वतःच बघत राहिले. लिफ्टच्या दोरावरच्या खुणा बघून दोर कधीपासून झिजतोय ते सांगणारा माणूस होता तो. कमरेच्या आतल्या बाजूला बारीक भोकांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक, आत आत सरकत गेलेल्या. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला. तपासनीसाला त्यात काही कळलं नव्हतं, तो पिशवी उचलत होता.

"या रेघा कसल्या गं?" आतोबांनी विचारलं.

त्या वेळी काहीही सांगता आलं असतं. जुनी पँट आहे, कुणाची तरी होती, मशीन बिघडलं होतं. वकील डोळ्यांनी तेच विनवत होता. पण विचारलं होतं नवऱ्याने, आणि तेही ज्या तिसऱ्या बोटाबद्दल ती त्याला कधीच सांगू शकली नव्हती, त्याबद्दलच.

"आत घेतल्या होत्या," ती म्हणाली. "तुम्ही बारीक होत होता."

"कधीपासून?"

"पॉलिसीच्या आधीपासून."

तपासनीस खाली बसला आणि पेनचं टोपण त्याने पुन्हा काढलं.

क्लेम कायमचा फेटाळला गेला. वकील पुढे बरेच दिवस घरी फिरकला नाही. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "वहिनी, बोलायचं तेव्हा शिवत बसलात, आणि शिवायचं तेव्हा उसवलंत." आत्याने त्याला चहा दिला. तो बरोबर बोलत होता.

आतोबा तिला रागावले नाहीत. "सांगायचं होतंस," एकदाच म्हणाले. सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत डोस मिळायचे, कधी वेळेवर, कधी उशिरा. तिथे जायच्या सकाळी आतोबा दारात थांबायचे आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. आत्या कमरेत बोटं घालायची आणि आता मोठ्याने सांगायची, तीन. चार. पुढे पुढे पूर्ण तळवा जायचा आणि ती म्हणायची, हात. "कालच्याइतकंच की," ते म्हणायचे. मग ती पाठीवर थाप मारायची, पण ते एकटे कुठे जाणार, ती बरोबरच निघायची.

ते गेल्यावर आत्याने दुकान चालू ठेवलं, पण जुना नियम मोडला. येईल त्या गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगू लागली की तुम्ही बारीक झालात, दाखवून घ्या. तुम्ही सुटलात, रक्त तपासा. लोक चिडायचे. एक बाई तर ब्लेझर न घेताच निघून गेली. गिऱ्हाईक तुटायला लागलं, तसं माझ्या वडिलांनी तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, तुटू दे. वेळेवर बोलले असते तर ते वाचले असते का, आणि त्या दुपारी गप्प राहिले असते तर वाचले असते का, हे दोन प्रश्न ती शिवताना आलटून पालटून उलगडायची. एकाचं उत्तर मिळेलसं वाटलं की दुसरा वर यायचा.

तिच्याकडे मी शेवटची गेले ती माझ्या मुलाखतीची पँट घेऊन. त्यानंतर आठवड्याच्या आतच ती मशीनवर डोकं टेकून गेली. माझी पँट शेजारच्या खुर्चीवर होती, इस्त्री करून. मी गेले त्या दिवशी मात्र तिची तब्येत चांगली होती. तिने मला खिडकीसमोर उभं केलं, टेप कमरेभोवती घेतली आणि मी नकळत सरळ झाले, तशी टेपचं टोक तसंच धरून म्हणाली,

"पोट आत घेऊ नकोस गं. आहे तेवढंच मोजायचंय मला."