पूनमच्या घरी पुण्याचे पाहुणे आले तेव्हा

त्या दिवशी आमच्या डिंगोऱ्यात असला उकाडा होता की कोंबड्यासुद्धा चोची उघड्या टाकून सावलीला पडल्या होत्या. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, सदरा पाठीला चिकटलेला. अशा दिवशी म्हाताऱ्यानं गप झाडाखाली पडून राहावं की नाही? पण मला शहाणपण सुचलं! आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

माझी नात पूनम बारावी झाली. चांगले मार्क पडले. तिला नर्स व्हायचंय. बाप नाही. आई लोकांच्या रानात खुरपायला जाते, सुट्टीत पूनमही जाते. मी हा असा, अंगठेबहाद्दर.

तिच्या कॉलेजातल्या बाई एकदा घरी आल्या. म्हणाल्या, "नाना, पुण्याची एक संस्था आहे. तिथं खर्च उचलणारी माणसं आहेत, शिकवणारी आहेत आणि आम्हा शिक्षकांना विचारून गावोगाव मुली शोधत फिरणारीही आहेत. तुमच्या गावातून यंदा एकच मुलगी घेणार. मी पूनमचं नाव दिलंय. घर बघायला, चार गोष्टी विचारायला ते येतील. काही करू नका, जसं आहे तसं राहू द्या."

जसं आहे तसं! आता मला सांगा, परकी माणसं पोरीची चौकशी करायला दारात येणार आणि आपण घर जसं आहे तसं ठेवायचं?

हे लग्नाचं नव्हतं, एवढं मला कळत होतं. तेवढा काही खुळा नाही मी. पण पोरीला बघायला माणसं आली की काय करायचं, ते मला एकाच पद्धतीनं येतं. तीन लेकी उजवल्यात तसंच करून. आमच्याकडं रीतच आहे, पाहुणे येणार म्हटलं की शेजारी आपलं घर तुमच्या घरात आणून ओततात. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं.

शेजारचा बबन तर म्हणाला, "नाना, काय लागंल ते न्या. पोरीचं काम हाय, लाजू नका राव!"

मी कशाला लाजतोय? त्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, टेबल आणलं, गॅसची शेगडी आणली, भिंतीवरचा टीव्ही आणला. बबननं तर स्वतः होऊन ट्रॅक्टर आमच्या दारात आणून लावला. मी पुसूनही घेतला!

पूनमला बजावलं, "खाली मान घालून बसायचं. मोठ्यांच्या मधी बोलायचं न्हाई. काय इचारलं तर मी हाय."

"अहो नाना, पण ते मलाच विचारणार…"

"गप गं! मला शिकवतीस?"

दुपारी गाडी आली. एक तरुण ताई, संस्थेचं काम बिनपगारी करणारी. आणि एक वयस्कर मॅडम, खर्च उचलणाऱ्या. बाईंना कॉलेजात काम निघालं, त्या आल्या नाहीत. तिथंच घात झाला.

ताईंनी विचारलं, "बाबा, घर कशावर चालतं?"

अहो, सोयरिकीच्या बैठकीत या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते आपोआप आलं तोंडात.

"द्येवाच्या दयेनं कशाला कमी न्हाई!"

"शेती?"

मी हात केला तो थेट डोंगरापर्यंत. त्यातलं बरंचसं बबनचं, बाकीचं सरकारचं. पण मी तरी कुठं म्हणालो माझंय? नुसता हात केला!

मग मॅडम पूनमकडं वळल्या. "बाळ, तुला पुढं काय व्हायचंय?"

पूनमनं मान वर केली. मी डोळे वटारले. मान खाली गेली. ही पोर कॉलेजात भाषणं करते, बरं का! त्या दिवशी फरशीकडं बघत बसली.

"तिची स्वतःची इच्छा आहे ना शिकायची?" मॅडमनी मला विचारलं.

मी छाती फुगवून म्हणालो, "तिची कसली इच्छा? आमी सांगू तसं वागती. लई गरीब गाय हाय!"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मला वाटलं, पसंत पडली!

तेवढ्यात मॅडमना बाथरूमला जायचं झालं. आता आमच्या संडासाला दाराच्या जागी गोणपाट. ते कसं दाखवायचं? म्हणालो, "आमची नवी फरशी बसवायचं काम चालू हाय. शेजारी जावा, आपलंच घर हाय."

दोघी बबनकडं गेल्या. मी कुंपणापाशी उभा राहून बघतोय. बबनची बायको अंगणात तीन दगडांवर भाकरी भाजतेय, डोळ्यांत धूर. बबनची कोमल, पूनमच्याच वर्गातली, खताच्या गोणीवर बसून वाचतेय. आत घर उघडंबोडकं. मॅडम दारातच थबकल्या.

"खुर्ची-टेबल नाही का गं तुला?"

"न्हाई."

"गॅस?"

"न्हाई."

"टीव्ही वगैरे?"

"न्हाई ओ."

पोरगी एक शब्द खोटा बोलली नाही! आणि काय व्हायचंय विचारल्यावर ताडकन उभी राहून म्हणाली, "वकील!"

मॅडमनी डोळ्याला रुमाल लावला. परत आल्या नाहीत. ताई तेवढ्या आल्या, हात जोडले, म्हणाल्या, "बाबा, तुमचं चांगलं चाललंय. गरजू मुलीला मिळू दे, नाही का?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? अंगणात ट्रॅक्टर चकाकत होता.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "नाना, त्यांनी कोमलचं नाव धरलंय. तुमच्या दारात ट्रॅक्टर आला कुठून?"

सगळं सांगितलं. तशा बाई म्हणाल्या, "आता खरं सांगितलं तर त्यांना वाटेल, दोन्ही घरांनी मिळून फसवलं. कोमलचंही जाईल, आणि गावातल्या मुलींकडं पुन्हा कुणी फिरकणार नाही."

मी म्हणालो, "नका सांगू, बाई." कोमल काय परकी आहे? माझ्याच अंगणात रांगली ती.

पूनम पाहुण्यांचे कप विसळत होती. रडली नाही, भांडली नाही. पाठमोरीच म्हणाली, "नाना, मला बोलता येत होतं." आणि आईला विचारलं, उद्या कुणाच्या रानात जायचंय.

मला तिथं बसवेना. दोन खुर्च्या डोक्यावर घेतल्या आणि बबनकडं निघालो. तो दारातच उभा होता. माझ्याकडं बघेना. खाली बघत हळूच म्हणाला, "नाना, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच चार दिस. आयतवारी पुण्याचं आणखी एक माणूस घर बघाया येनार हाय."