काकूंचा कच्चा टाका

"हितं कोण झोपतं?"

खोलीच्या दारात पाऊल टाकलं की पडदेवाल्या काकूंचा पहिला प्रश्न हाच. टेप गळ्यात, चष्मा कपाळावर. खिडकी केवढी, कापड कुठलं, हे सगळं नंतर. आमच्या लातूरच्या अपार्टमेंटमधल्या बहुतेक घरांचे पडदे त्यांनी शिवले. त्या निमित्ताने कोण कुठल्या खोलीत झोपतं आणि कोण कुणावर रुसून हॉलमध्ये झोपतं, हेही त्यांना ठाऊक झालं. तुमच्याकडेही असं एखादं माणूस असेलच, बघा आठवून.

पडद्याचं वरचं डोकं कसं शिवायचं, हे त्यांच्या मते खिडकीवर नाही, पडदा ओढणाऱ्या हातावर ठरतं. हॉलला चुण्यांचा, कारण "पाव्हण्याला भारदस्त वाटाया पाहिजे." माझ्या सासऱ्यांच्या खोलीला मोठ्या रिंगांचा, "काठीनं ढकलला तरी सरकला पाहिजे." स्वयंपाकघराला आखूड, नेफ्याचा. पायजम्यात नाडी ओवावी तशी त्यात सळई ओवायची, म्हणजे वाऱ्याने उडून गॅसवर जात नाही.

मी मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ बघून हट्ट धरला, की बेडरूमला कापडी पट्ट्यांनी रॉडवर अडकवलेलाच पडदा हवा. काकूंनी नाक मुरडलं, पण दिला शिवून. एका सकाळी तो जो अडकला, मी दिला हिसका, आणि रॉड, स्क्रू, गिलावा असं सगळं लटांबर माझ्या अंगावर! काकू बघायला आल्या आणि पोट धरून हसल्या. "मोबाईलवाल्या बाईनं ओढून न्हाई दाखवला का?"

चुकायच्या त्याही. आमच्या ह्यांची झोप हलकी, म्हणून काकूंनी आमच्या पडद्याला आपल्या मनाने जाड अस्तर लावलं. खोलीत इतका अंधार, की ह्यांची सकाळ उजाडलीच नाही. ऑफिसातून साहेबांचा फोन आला तेव्हा हे घोरत होते. काकूंना सांगितलं, तर म्हणतात कशा, "झोप लागली न? मग पडद्यानं काय गुन्हा केला?"

त्यांची आणखी एक रीत होती. पडदा टांगला तरी खालची पट्टी पक्की शिवायच्या नाहीत, नुसता कच्चा टाका घालून ठेवायच्या. "कापड आपल्या वजनानं उतरू द्या. मग येते मी." आठ-पंधरा दिवसांनी यायच्या, फरशीवर फतकल मारून पट्टी शिवायच्या, चहा प्यायच्या, साऱ्या बिल्डिंगच्या बातम्या द्यायच्या. ही सगळी युक्ती चहासाठीच असावी, असा मला दाट संशय होता.

घरी काकू एकट्याच. एकुलत्या लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा त्या रागाच्या भरात बोलून गेल्या, "माझ्या दारात पाऊल टाकू नको." लेकही त्यांचीच. तिने नाही टाकलं. नांदेडला संसार मांडला आणि दोनेक वर्षं साधा फोन नाही. कुणी हा विषय काढला, की काकू ओठांत टाचण्या धरायच्या. म्हणजे बोलायला नको.

माझ्या बेडरूमचा नवा पडदा टांगायला त्या स्टुलावर चढल्या होत्या. या वेळी मी निमूटपणे रिंगांचाच शिवून घेतला होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात गुंतलेले, म्हणून मीच स्पीकर लावून धरला.

"आई, नवं घर घेतलंय. किचनला कसला पडदा लावू?"

ना कशी आहेस, ना काही. काकूंनी हातातली रिंग रॉडवर सरकवली. मग कडक आवाजात म्हणाल्या, "नेफ्याचा. आखूड." आणि मला खूण केली, बंद कर. खाली उतरून स्टुलावरच बसल्या. "बरोबर सांगितलं न, ताई?" डोळ्यांतून घळघळा पाणी. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग रोज एक फोन आणि एका फोनात एकच खोली. दोघी सारख्याच ताठ. अख्खी बिल्डिंग विचारायची, "काकू, आज कुठली खोली?" "हॉल झाला," काकू सांगायच्या. मला मात्र धास्ती, की खोल्या संपल्या की मायलेकींचं बोलणंही संपणार. काकूंनाही तीच असावी, कारण त्यांनी बाथरूमच्या झरोक्यालासुद्धा पडदा सुचवून पाहिला.

माझी पट्टी पक्की करायला त्या आल्या, सुईत दोरा ओवला आणि फोन आला.

"आई, एक लहान खोली राहिली बघ. देवघराशेजारची."

"तिथं कोण झोपतं?" काकूंनी सवयीने विचारलं.

 लेक म्हणाली, "तू आलीस तर तू."

काकूंच्या हातात सुई तशीच. साऱ्या बिल्डिंगला पडदे सुचवणाऱ्या बाईला स्वतःच्या खोलीला काय लावावं ते सुचेना. "आता हिला काय सांगू ओ, ताई?" फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं.

"सांगा, माप घ्यायला येते म्हणून."

"माप घेतल्याबिगर कसं सांगू?" काकू फोनात ओरडल्या. "यायलेय मी!"

दुसऱ्याच दिवशी कापडाचा गठ्ठा काखोटीला मारून त्या नांदेडच्या एसटीत बसल्या. "आठ दिवसांत येते, ताई. तुमची पट्टी राहिली."

त्याला आता वर्ष होत आलं. मी अधूनमधून फोन करते, "काकू, माझी पट्टी?"

"येते की! पर हितलं कापड अजून उतरायलंय न. सोडून कशी येऊ?"

मागून लेकीचं हसू ऐकू येतं.

शेजारीण म्हणते, कोपऱ्यावरच्या टेलरकडून घे ना टीप मारून. मी नाही म्हणते. काकूंची आठवण फार येते. फरशी पुसताना त्यांचा टाका तुटू नये, म्हणून मी पडदा हाताने वर उचलून धरते.