तीन बादशहा आणि दोन जावा

पत्ते खेळणाऱ्या बायकांचे किस्से कुणाला जमवावे लागत नाहीत. डाव संपतो, सगळ्या आपापल्या घरी जातात आणि किस्सा माझ्या घरी राहतो! मी राजापेठेत ब्लाऊज शिवते. शनिवारी दुपारी मशीनवर चादर टाकली की त्याच खोलीत आमचा डाव बसतो. आता एवढं साठलंय, की थोडं तुम्हाला सांगूनच टाकते.

आम्ही पाच जणी. अकोल्याहून, जठारपेठेतून येणाऱ्या रत्नाताई, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या पुष्पाताई, मी, आणि कमल-विमल. या दोघी जावा. मूळच्या नांदगाव खंडेश्वरच्या घरातल्या, आता इथे एकाच इमारतीत राहतात. थोरली कमल खाली, धाकटी विमल वर. आणि दोन वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या!

विमल नर्स आहे. तिच्या ड्युटीमुळे तिची मुलगी स्वाती कमलच्या मांडीवरच वाढली. कमलला ती मोठी आई म्हणते. स्वातीला बघायला पाहुणे आले, तेव्हा कमल कौतुकानं बोलून गेली, "आमच्या पोरीले चहाबी करता येत नाई! अजून मीच तिले घास भरवते!" पाहुण्यांनी चार दिवसांनी नकार कळवला.

विमल म्हणाली, "बाईनं मुद्दाम केलं." थोरल्या जावेला ती बाई म्हणते.

कमल म्हणाली, "मी काऊन मुद्दाम करीन?"

तेवढ्यावर बोलणं बंद. पण शनिवारचे पत्ते दोघींनीही सोडले नाहीत.

* * *

न बोलता पत्ते कसे खेळतात? पुष्पाताईंना मध्ये बसवून!

"पुष्पाताई, तिले सांगा, चाल तिची हाये."

"पुष्पाताई, तिले म्हणा, मले दिसून राहिलं."

दोघींच्या मध्ये दीड हात अंतर. पुष्पाताई बिचाऱ्या महिनाभर इकडचं तिकडे पोहोचवत होत्या. एक दिवस त्यांनी पत्ते खाली ठेवले. "आयुष्यभर लोकायले या गावाहून त्या गावाले नेलं, पण त्याईनं तिकीट तरी काढलं! तुमी दोघी फुकट फिरून राहिल्या!"

दोघी हसल्या. एक खिडकीकडे बघून, दुसरी भिंतीकडे बघून.

* * *

पूर्वी आम्ही तीन पत्तीच खेळायचो. मग रत्नाताईंचा पाय मोडला. दीड महिना प्लास्टरमध्ये पडून त्या मोबाईलवर ओमाहा नावाचा खेळ शिकल्या. परत आल्या त्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नवे पत्ते घेऊनच!

"हातात चार पत्ते," त्यांनी समजावलं. "टेबलावर पाच, ते सगळ्यायचे. आधी तीन उघडतात, मग एक, मग आखरीचा एक. आपला डाव पाच पत्त्यायचा. हातातले दोन आन टेबलावरचे तीन. हातातले दोनच! एक नाई, तीन नाई."

पुष्पाताई म्हणाल्या, "म्हणजे घरात माणसं चार, पन कामाचे दोनच. समजलं! आमच्या घरी हाच खेळ चालू हाये!"

* * *

पण समजलं म्हणणं वेगळं आणि हातात पत्ते येणं वेगळं. तीन पत्तीत तीन सारखे पत्ते आले की ट्रेल. ट्रेलच्या वर काही नाही. ती सवय बोटांत बसलेली.

पहिल्याच दिवशी पुष्पाताईंनी चार पत्ते उचलले आणि त्यांचा चेहरा फुलला. तोंड दाबून बसल्या, पण खांदे हलत होते. चालीवर चाल लावली. शेवटी पत्ते आपटले. "घ्या! तीन बादशहा! ट्रेल!"

रत्नाताईंनी शांतपणे त्यांचा एक बादशहा बाजूला सरकवला. "हातातले दोनच चालतात. हा तिसरा मेला. वरून अख्ख्या कॅटमध्ये बादशहा उरला एकच, तो टेबलावर येईल कवा? हातात तीन सारखे आले, म्हणजे नशीब फुटलं समजायचं. सुरुवातीलेच पत्ते टाकून पॅक करायचं."

डाव रत्नाताईंनीच जिंकला. दुर्री आणि छक्कीच्या जोड्यांवर!

पुष्पाताई बराच वेळ त्या बादशहांकडे बघत होत्या. "तीन तीन राजे घरात, आन मले दुर्रीनं हाणलं?"

* * *

आम्ही पैसे लावत नाही. सुरुवातीला शेंगदाणे लावायचो, भाजलेले. एकदा विमलनं मोठी चाल लावली, आम्ही सगळ्यांनी लावली, मधोमध चांगला ढीग झाला. पत्ते उघडले, विमल जिंकली, आणि बघते तर ढिगात सात-आठ दाणे!

कमल चावता चावता थांबली.

"पुष्पाताई," विमल म्हणाली, "तिले विचारा, माहा डाव कसा लागला?"

कमलनं तोंडातलं गिळलं. "पुष्पाताई, तिले सांगा, मीठ कमी होतं."

पुढच्या शनिवारपासून चिंचोके आले.

* * *

आता ट्रेल खरी कोणती, तेही रत्नाताईंनी शिकवलं. हातात दोन सारखे आणि टेबलावर तिसरा. ही कामाची. पण ही सुद्धा डोकं ठेवून खेळायची.

मला ते माझ्याच डावात कळलं. माझ्या हातात दोन अठ्ठ्या, टेबलावर पहिल्याच तीन पत्त्यांत तिसरी अठ्ठी. झालं! चाल लावत सुटले. चौथा पत्ता बदाम, पाचवा बदाम. एक बदाम आधीच होता. मी बघितलंच नाही! मी माझ्या अठ्ठ्या बघत होते. कुणाच्याही हातात दोन बदाम असले की एका रंगाचे पाच, फ्लश, या खेळात ट्रेलच्याही वर! ते दोन बदाम रत्नाताईंच्या हातात होते.

माझे सगळे चिंचोके ओढून घेत त्या म्हणाल्या, "ट्रेल लागली की पहिले जोरात चाल लावायची, म्हणजे उगाच रेंगाळणारे पळतात. पन टेबलावर एकाच रंगाचे तीन आले, आन समोरचीनं जोर केला, की थांबायचं. छोटी ट्रेल असली तर आधीच थांबायचं. टेबलावर जोडी आली, तर मग पुन्हा उठायचं, तवा तुमचा फुलहाऊस, तीन सारखे आन दोन सारखे, तो फ्लशच्याबी वर. ट्रेल टाकता आली त्यालेच ट्रेल खेळता येते."

"चांगले पत्ते काऊन टाकायचे?" कमल म्हणाली. "माहा जीव नाई होणार."

आणि खरंच, त्या दिवसापर्यंत कमलनं कधी ट्रेल टाकली नव्हती. हरायची, पण टाकायची नाही.

* * *

मे महिन्यात एकदा रत्नाताईंनी आम्हाला अकोल्याला बोलावलं. अकोल्याचा मे! कूलर समोर लावून बसलो. रत्नाताईंनी टेबलावर तिसरा पत्ता उघडला, कुणीतरी कूलर फुलवर केला, आणि सगळे पत्ते उडाले!

एक राणी कमल आणि विमलच्या मधून चालली होती. दोघींनी एकदमच पकडली. एकीच्या बोटात वरचं टोक, दुसरीच्या बोटात खालचं. सोडेना कुणीच. एकमेकींकडे बघत बसल्या. दोन वर्षांत एवढा वेळ त्यांनी एकमेकींकडे बघितलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आता बोलतील. आता बोलतील!

पुष्पाताईंना राहवलं नाही. "फाडून देऊ काय अर्धी अर्धी?"

दोघींनी एकदमच सोडली. राणी पुन्हा उडाली ती थेट कूलरच्या टाकीत!

* * *

मग स्वातीचं लग्न जमलं. मुलगा चांगला. आम्ही सगळ्या खूष. पण पत्रिका आली ती कमलच्या नवऱ्याच्या नावानं. खाली छापलेलं, सहपरिवार.

कमल माझ्याकडे ब्लाऊज टाकायला आली. माप देता देता म्हणाली, "सहपरिवार! त्याच्यात मी कुठं हावो, दाखव बरं? तिनं तोंडानं आवतन दिल्याबिगर मी हळदीले जाणार नाई."

"मग ब्लाऊज कशाला शिवतेस?"

"शिवून ठेव," ती म्हणाली.

दोन दिवसांनी विमल आली, तीही ब्लाऊज टाकायला. मला म्हणाली, "आपल्याच घरच्या माणसाले आवतन देतेत काय वयनी? तिले यायचं असन तर येईन ना! आन स्वाती म्हणते, मोठी आईनं पहिली हळद लावल्याबिगर मी पाटावर बसत नाई. मी काय करू?"

मी तिचंही माप घेतलं. दोन्ही ब्लाऊज एकाच रंगाचे होते, पण ते मी कोणालाच सांगितलं नाही.

* * *

हळद बुधवारी होती. त्याच्या आधीचा शनिवार. विमल येणार नाही असंच आम्हाला वाटलं, घरात लग्न म्हटल्यावर. पण आली. कमलही आली.

तिसऱ्या-चौथ्या डावाला मी, पुष्पाताई आणि रत्नाताई, तिघीही पॅक झालो. राहिल्या जावा. टेबलावर किलवरचा बादशहा, बदामची चव्वी, किलवरची नव्वी. मग इस्पिकची दुर्री. शेवटी किलवरची सत्ती. मी कमलच्या बाजूलाच बसले होते, तिनं पत्ते जरा तिरपे धरले. हातात दोन बादशहा. टेबलावरचा धरून तीन! याच्यापेक्षा मोठी ट्रेल त्या टेबलावर होतच नव्हती.

विमलनं टेबलावरच्या तीन किलवरांकडे बघितलं. मग आपले सगळेच्या सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे सरकवले. 

पुष्पाताईंनी सवयीनं तोंड उघडलं, "कमल, ते म्हणते..."

"ऐकलं मी," कमल म्हणाली.

 बाहेर राजापेठेतल्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. रत्नाताईंनी एकदा कमलकडे बघितलं, एकदा तीन किलवरांकडे, आणि मान खाली घातली.

कमलनं पत्ते टेबलावर ठेवले. उलटे नाही, सुलटे. दोन्ही बादशहा वर तोंड करून.

"पॅक," ती म्हणाली.

"अवो बाई!" पुष्पाताई ओरडल्या. "तीन बादशहा टाकून राहिली? तू?"

कमलनं पुष्पाताईंकडे बघितलंच नाही. ती सरळ विमलकडे बघत होती.

"हळद किती वाजता लावायची हाये?"

विमलचे हात ढिगावर तसेच राहिले.

"नऊले," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमी सातलेच या, बाई. पोरीले पहिले खाऊ घाला. ते दुसऱ्या कोनाच्या हातचं खात नाई."

"दहीभात आणते," कमल म्हणाली, आणि दोघी तशाच उठून जिना उतरल्या. पुढे कमल, मागे विमल. जिन्यातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

चिंचोके तिथेच. पत्ते तिथेच. मी गोळा करायला घेतले. विमलचे चार पत्ते पालथे पडले होते. ते उलटून बघितले.

किलवर एकच होता. फ्लशला हातात दोन लागतात.

रत्नाताईंनी बघितला, पुष्पाताईंनी बघितला.  मी ते चारही पत्ते कॅटमध्ये घातले, चांगला पिसला, आणि तिघींनाच वाटायला घेतला.