नासाडीचे चार इंग्रजी शब्द

जावयाने सासऱ्याबद्दल लिहू नये असे माझे मत आहे, आणि मला लिहिताही नीट येत नाही. पण आमच्या सासूबाई कौशल्याबाई गेल्या, आणि नत्थुजींची ही हकीकत सांगणारे आता माझ्याशिवाय कोणी उरले नाही. सासूबाई ती दरवेळी थोडी निराळी सांगत. मला जी पटली ती लिहितो.

नत्थुजी म्हणजे माझे सासरे. अकोल्याला कचेरीसमोरच्या चिंचेखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत कसली तरी लढाई जुंपून तिथला कापूस बंद झाला होता आणि इकडे वऱ्हाडात लोक बैलांची शिंगे चांदीने मढवत होते. चिंचेखाली अर्ज लिहिणारे आणखी चार-पाच जण होते, पण ते नुसते मोडीत लिहीत. नत्थुजींच्या अर्जात मधेच एखादा इंग्रजी शब्द असे, म्हणून गर्दी त्यांच्यापुढे. त्यांना इंग्रजी शब्द एकूण चार येत होते आणि चारही नासाडीचे होते.

ते त्यांनी अमरावतीहून आणले होते. तिथे एका गोऱ्या कापूस-व्यापाऱ्याच्या बंगल्यावर ते सहा वर्षे जेवण वाढायला होते. हा साहेब बोलायला मोठा दिलदार. अंडे जरा जास्त उकडले की ‘रूइन्ड’. धोब्याने कॉलरला डाग पाडला की ‘डिस्ट्रॉइड’. पत्त्यांत हरला की तो स्वतःच समूळ नष्ट, म्हणजे ‘अ‍ॅनिहिलेटेड’. मग एका उन्हाळ्यात वावटळीने गावातल्या चाळीस घरांची छपरे उडवली. साहेबाने वरच्या साहेबाला कळवले, ‘सम डॅमेज’, म्हणजे थोडेफार नुकसान. नत्थुजींनी बंगल्यावरच्या कारकुनाकडून हे चारही शब्द कागदावर लिहून घेतले आणि त्यांचा अर्थही आपल्या मनाने लावला. छपरे उडाली तेव्हा कोणी जागचे हलले नव्हते. कॉलर गेली तेव्हा सगळा बंगला धावत सुटला होता. म्हणजे साहेबाला उठवायचे तर मोठा शब्द हवा.

अकोल्यात हे त्यांना चांगलेच फळले. कोणाच्या बकरीने दोडक्याचा वेल खाल्ला, ‘डिस्ट्रॉइड’. शेजाऱ्याच्या म्हशीने कुडाला अंग घासले, ‘रूइन्ड’. शिपाई चौकशीला जात आणि अर्धा कूड जागेवर पाहून परत येत. पण येत तरी, एवढ्यावर लोक खूश होते.

अशात पातूरकडची मैनाबाई आली. नवरा नव्हता, शेत स्वतः करी. सबंध हंगामाचा कापूस, आठ बोजे, एका गाडीत घालून ती बाजाराला निघाली होती. मोर्णा नदीवर सरकारने तात्पुरता फळ्यांचा पूल टाकला होता, तो गाडीखाली मोडला. बैल सुटून बाहेर आले. गाडी मात्र कापसासकट पाण्यात कलंडून पडली होती.

“लिवा,” ती म्हणाली. “पूल सरकारचा व्हता, तं गाडी सरकारनं काहाडून द्या.”

“कापूस पार गेला म्हणून लिवतो,” नत्थुजी म्हणाले.

“गेला कुठी? भिजला हाये.”

“बाई, भिजला म्हनलं तं साहेब चाहा पीत बसते.”

त्यांनी ‘डिस्ट्रॉइड’ लिहिले. पुढे ‘टोटल’ जोडावे असा सल्ला शेजारच्या अर्जवाल्याने ऐकीव माहितीवर दिला, तोही मानला. म्हणजे त्या दिवशी शब्द पाच झाले.

कचेरीतला साहेब उठला. दुपारपर्यंत वीस माणसे आणि दोरखंड नदीवर हजर. गाडी निघाली, आठही बोजे निघाले. मैनाबाईने नत्थुजींना दोन केळी दिली. संध्याकाळी कचेरीतले मुन्शी गयासुद्दीन दुसरा हुकूम घेऊन चिंचेखाली आले.

“नत्थुजी, क्या लिख दिया तुमने? साहेब म्हणतात, पूर्ण नष्ट झालेला कापूस चांगल्यात मिसळून विकतील. यंदा भेसळीची बोंब फार. उद्या सकाळी नऊला नदीकाठी जाळायचा.”

मैनाबाई तिथेच होती. ती नत्थुजींना म्हणाली, “नदीनं भिजवला. तुमी जाळून राह्यले.”

कापूस वाचवायचा तर अर्ज खोटा म्हणायला हवा होता. मागच्याच महिन्यात खोटा अर्ज लिहिला म्हणून एकाला सहा महिने आत घातले होते. नत्थुजी घरी येऊन जेवले नाहीत. कौशल्याबाईंना तेव्हा पाचवा महिना होता. पोटात आमची ही होती.

“आत घातलं तं?” ते म्हणाले.

“मी माहेरी जाईन,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तिथं भाकर भेटते. त्या बाईनं कुठी जावं?”

सकाळी आठला ते साहेबापुढे उभे राहिले. मुन्शी मधे दुभाष्या. बाहेर चिंचेखालची सगळी मंडळी कान लावून.

“अर्ज खोटा?” साहेबाने विचारले.

“अर्ज खरा, साहेब. शब्द मोठा झाला,” नत्थुजी म्हणाले. “मला इंग्रजी येत नाही. जेवण वाढता वाढता चार शब्द ऐकले, तेवढेच.” आणि त्यांनी अंडे, कॉलर, पत्ते आणि चाळीस छपरे, सगळे सांगून टाकले. मुन्शींनी ते काही न गाळता इंग्रजीत पोचवले. ते मुद्दाम होते असे सासूबाईंना वाटे.

अमरावतीचा तो व्यापारी त्याच्याकडे जेवायला येऊन गेला असावा, कारण साहेब एकदम रुमाल तोंडाला लावून खोकू लागला. मग त्याने विचारले, “तर या कापसाला काय म्हणशील?”

“सम डॅमेज.”

साहेबाने हुकुमावर रेघ मारून तेच स्वतःच्या हाताने लिहिले. खाली आणखी एक ओळ लिहिली, की या इसमाने कचेरीच्या आवारात यापुढे कोणतीही लेखणी हातात धरू नये. तुरुंग टळला, चिंच गेली.

मैनाबाईने आभार मानले नाहीत. जुन्या शहरातल्या तिच्या मावशीच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, तिने आठही बोजे पसरले आणि नत्थुजींना वर चढवले. चार दिवस ते उन्हात कापूस उलटत होते आणि त्यातला नदीचा गाळ वेचत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारले, “गाडीचा आस मोडला, त्याचा एक अर्ज...?”

“तुमी तो कोपरा उलटा,” मैनाबाई म्हणाली.

कापूस वाळला, पण पिवळट पडला. चांगल्या मालाच्या निम्म्यानेच गेला. त्या वर्षीचा निम्मा भावही तीन वर्षांपूर्वीच्या पांढऱ्याशुभ्र कापसाला मिळत नसे, त्यामुळे मैनाबाई नवा आस बसवून, पोटभर जेवून पातूरला गेली. नत्थुजी बिऱ्हाड घेऊन अमरावतीला परतले आणि एका मारवाड्याच्या दुकानी मोडीत पत्रे लिहू लागले. तिथे नासाडीच्या शब्दांचे काम फारसे पडत नसे.