आकडे नसलेला फोन

माझा मुलगा जुने जर्मन लष्करी टेलिफोन गोळा करतो. लढाईत एका खंदकातून दुसऱ्या खंदकात बोलायला वापरायचे, तसले. काळपट पेटी, आत रिसीव्हर, बाजूला फिरवायचं हँडल. इंग्लंडमध्ये, स्लाऊच्या त्याच्या घरात कपाटभर आहेत. त्यातला एक माझ्या वाट्याला आला.

नवरा गेल्यावर मार्चमध्ये मी इथे आले. मुलाने बागेत माझ्यासाठी खोली बांधली होती. आल्या आल्या एकदा भाजी आणायला एकटी गेले आणि घरच सापडेना. सगळी घरं सारखी. पोलिसांनी आणून सोडलं. त्या दिवसापासून बागेच्या फाटकाला कुलूप लागलं. पुढच्या दाराने जायचं तर मुलाच्या कामाच्या टेबलासमोरून जावं लागतं. मोबाइलला बोट लावलं की भलतंच उघडतं, म्हणून त्याने टेबलापासून माझ्या खोलीपर्यंत वायर ओढली.

"काही लागलं तर हँडल फिरव," तो म्हणाला.

"याच्यावरून माझ्या बहिणीला लागेल?"

"नाही गं. याला आकडेच नसतात. वायर जाते तिथेच लागतो."

बोलताना रिसीव्हरच्या दांड्यातली पट्टी दाबून धरावी लागते, नाहीतर आपला आवाज पलीकडे जात नाही. ऐकू मात्र येतं. त्यामुळे तो "औषध घेतलंस का" विचारायचा, तेव्हा मी आधी पट्टी न दाबता त्याला शिव्या द्यायचे आणि मग दाबून "हो" म्हणायचे.

जूनमध्ये एका सकाळी मी हँडल फिरवलं.

"आई, मीटिंगमध्ये आहे."

"फाटक उघड."

"कुठे जायचंय?"

"बाहेर."

"संध्याकाळी मी नेतो ना."

"कुत्र्याला नेतात तसं?"

त्याने फोन ठेवला. मी फिरवतच राहिले. शेवटी तो नुसत्या मोज्यांवर ओल्या गवतातून आला.

"परत हरवलीस तर?"

"विचारीन कुणालातरी."

"इंग्रजीत?"

"पत्ता लिहून दे, दाखवीन."

त्याने खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण अंधाराच्या आत घरी. अंधार पडला की कुलूप."

मी लगेच कबूल झाले. जूनमध्ये इथे रात्रीची भांडी घासून झाली तरी उजेड असतो. मला वाटलं, पोराला बनवलं. उन्हाळाभर रोज गेले. बसस्टॉपवर बसायचे, बसमध्ये चढायचे नाही, माणसं बघायचे. एकदाही हरवले नाही.

आता डिसेंबर आहे. दुपारी जरा डोळा लागला की उठेपर्यंत काळोख, आणि फाटकाला कुलूप. काल त्याला म्हटलं, रस्त्यावर दिवे असतात, तो उजेड धर.

"आई, ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं खरं. म्हणून दुपारची झोप बंद केली. जेवणही उभ्या उभ्याच उरकते आणि निघते. बसस्टॉपवर कुणी नसतं, बाकडं गार असतं. तरी बसते. उजेड कमी व्हायला लागला की उठते.