मागून पळणारी वहिनी

वहिनी कधीच पुढं पळाली नाही. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे कालव्याच्या रस्त्यावर आम्ही दोघीच; मी पुढं, ती मागं. दोन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्या. तो मागच्याला धरतो, असं आमच्याकडं सगळे मानतात. म्हणून नवख्याला पुढं घालायचं आणि सरावलेल्यानं मागं राहायचं. "माजं काय, मी म्हातारी," ती म्हणायची. म्हातारी कसली! नुकती तिशी ओलांडलेली. पण भरतीचं तिचं वय संपत आलं होतं. ही भरती शेवटची.

ती आमच्या शेजारची सून. नवरा गेला तसे दीर म्हणाले, मायलेकी दोघींचं इथं भागणार नाही. लेकीला महाळुंगे पडवळला आजीकडं ठेवावं लागलं. नोकरी लागली की खोली घ्यायची आणि लेकीला आणायचं, एवढ्यासाठी वहिनी पळत होती.

थंडीतलं पळणं म्हणजे नुसता छळ. पहिल्या दिवशी मी स्वेटर, कानटोपी, मफलर असा सगळा संसार अंगावर घालून निघाले. पुलापर्यंत घामानं भिजले, थांबले, आणि तो घाम असा गार पडला की दात वाजायला लागले. छाती आतून सोलल्यासारखी झाली, पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्यातच बसून रडले. "मेले मी, वहिनी!"

"मरायला येळ न्हाई आपल्याला," माझ्या पोटऱ्या चोळत ती म्हणाली. "आदी जागच्या जागी अंग तापव. तोंडाला रुमाल बांद, नाकानं वारं घे. आन् थांबलीस की लगी पांघर."

रागच यायचा तिचा. तिचे स्वतःचे ओठ फुटून रक्त यायचं, तरी मागून हाका चालूच, "चल गं, हाय मी मागं!"

भरतीच्या मैदानावर पहाटेपासून गारठ्यात बसवलं. माझी धाव आधी झाली, बरी झाली. मग तिची. झकास निघाली होती. शेवटच्या फेरीत तिच्या मागची कुणी अनोळखी पोरगी खोकत रेंगाळली. वहिनीनं वळून पाहिलं आणि पावलं हळू केली. अहो, तिथं ना ऊस, ना बिबट्या! "वहिनी, पळ!" मी घसा फाटेपर्यंत ओरडले. ती पोरगी पुढं गेली, तेव्हा कुठं वहिनी तिच्या मागून आली. थोडक्यात हुकली.

"ध्यानातच आलं न्हाई गं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "मागं कुनी एकटं ऱ्हायलं की पायच निगत न्हाईत."

तिला धरून बडवावंसं वाटलं मला. मग तिच्याच गळ्यात पडून रडले.

माझी निवड झाली. ट्रेनिंगला निघाले त्या सकाळी वहिनी लेकीला घेऊन स्टँडवर आली. पोरीला कुणी काही सांगितलंच नसावं. गाडी लागली तसा तिनं आईचा पदर ओढला.

"आई, आपली खोली कधी घ्यायची?"

वहिनीनं तिचे केस सारखे केले.

"आत्याला टाटा कर," ती म्हणाली.